जळगावात निवांत राहायला महिन्याला किती लागतात?

पद्मालय_एक्सप्रेस · 11 एप्रिल

मंडळी, मी मूळचा एरंडोलचा, गेली सोळा वर्षं पुण्यात. वय 42. घरात बायको, आठवीत जाणारी मुलगी, तिसरीत जाणारा मुलगा. आई 71 वर्षांची, एरंडोलला एकटी राहते. "मी पुण्यात येऊन गॅलरीत बसणार नाही," असं तिचं ठाम मत आहे.

कंपनी कायमचं घरून काम करू द्यायला तयार आहे, पण पगार कापणार. आता हातात 1 लाख 15 हजार येतात, तेव्हा 72 हजार येतील. पुण्यात घर भाड्याचंच आहे (28 हजार), त्यामुळे कर्जाचं ओझं नाही. विचार असा की जळगावात फ्लॅट भाड्याने घ्यायचा, आईला तिथे आणायचं. एरंडोल पाऊण तासावर, तिला वाटेल तेव्हा जाता येईल.

72 हजारांत पाच माणसं निवांत राहतील का? निवांत म्हणजे चैन नव्हे. महिनाअखेरीला पोटात गोळा येऊ नये, एवढंच. जे प्रत्यक्ष तिकडे राहतात त्यांनी आकडे द्यावेत. "पैसा म्हणजे सर्वस्व नाही" वगैरे नको, ते आईकडून रोज ऐकतो.

धुळानं_पोर

भो, 72 हजारमा तुन्हं भागनार नही तं आम्हीन काय करानं?

मेहरूणची_बोरं

जळगावकर इथे. महाबळ, गणपतीनगर, रिंगरोडकडे दोन बेडरूमचा बरा फ्लॅट 10 ते 13 हजारांत मिळतो, पिंप्राळ्याकडे त्याहून कमी. दूध-भाजी पुण्यापेक्षा थोडी स्वस्त, किराणा जवळजवळ तोच. पुण्यात रस्त्यात जाणारे दोन तास वाचतील, त्याची किंमत तुम्हीच लावा.

एक गोष्ट पुण्याहून येणारे विसरतात. मे महिना. आमचं डिसेंबरचं वीजबिल 1100 होतं आणि मागच्या मे महिन्याचं 5800. घर तेच, माणसं तीच. महिन्याला 300 युनिटांच्या पुढे गेलं की दर चढतो, आणि 45 अंशांत 300 युनिट म्हणजे पंधरा दिवसांचा खेळ. तुम्ही घरून काम करणार म्हणजे दुपारी बारा ते पाच एसी किंवा कूलर चालणारच. "आम्हाला सवय आहे" असं एरंडोलच्या आठवणीवर म्हणू नका. ती सवय सोळा वर्षांपूर्वीची.

हिशेबी_मास्तर

धागाकर्ते, आधी सरकारी आकडे बघा. 2023-24 च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात देशाची दरडोई मासिक सरासरी ग्रामीण भागात 4122 आणि शहरी भागात 6996 रुपये आली. पाच माणसांच्या शहरी घराचे झाले साधारण 35 हजार. तुम्ही सरासरीच्या दुप्पट आहात.

शिवाय वर्षाचे 8 लाख 64 हजार म्हणजे नव्या करप्रणालीत कर शून्य, 12 लाखांपर्यंत सूट आहे. कापलेल्या पगारातली थोडी रक्कम अशीही परत येते.

माहेर_चोपडा

मास्तर, सरासरीत कुणी राहत नाही. सरासरीच्या घरात मुलीची अकरावी-बारावी नसते, सासूचं गुडघ्याचं ऑपरेशनही नसतं.

निवृत्त_गार्ड_भुसावळ

नमस्कार. रेल्वेत गार्ड होतो. 2022 पासून आमच्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण मी त्याआधीच निवृत्त झालो, त्यामुळे गार्डच. पेन्शन हातात 41 हजारांच्या आसपास. आम्ही दोघंच. घर स्वतःचं.

1987 पासून रोजचा खर्च वहीत लिहितो. सौ. त्याला 'चित्रगुप्ताची वही' म्हणतात. परवा हा धागा वाचून मागच्या वर्षीची वही काढली. बारा महिन्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले तर एकही महिना दुसऱ्यासारखा नाही. सप्टेंबरमध्ये 17,900 गेले. एप्रिलमध्ये 52 हजार!

एप्रिलमध्ये काय? वर्षाचं भरणं. लोकवन गहू 3 क्विंटल, तूरडाळ 40 किलो, ज्वारी, कळण्याच्या भाकरीसाठी उडीद, मिरची, हळद, तेलाचे डबे, शिवाय पापड आणि बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) खटाटोप. गहू आधी दोन दिवस गच्चीवर वाळवायचे. मग चाळून, एरंडेलाचा हात फिरवून कोठीत, मध्ये मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला. तूरडाळीलाही एरंडेल. हे केलं की बाकीचे अकरा महिने किराणा दुकानात फक्त साखर-चहा-साबणाला जावं लागतं.

तेव्हा 'महिन्याला किती' असं विचारलंत तर आमच्याकडे उत्तर नाही. वर्षाला किती ते विचारा. पगार महिन्याचा असला तरी खानदेशातला खर्च हंगामाचा असतो. ज्याने एप्रिलसाठी डिसेंबरपासून बाजूला काढलं तो निवांत.

मेहरूणची_बोरं

गार्डकाका, दंडवत. 1987 ची वही जपून ठेवा, विद्यापीठवाले मागायला येतील.

केळीवाला_रावेर

काका बरोबर बोलले, पण पेन्शनवाल्याला निदान पहिली तारीख तरी असते. 'महिन्याला' हा शब्दच आमच्या घरात नाही.

हिशेब सांगतो, फुशारकी नाही आणि रडगाणंही नाही. 3 एकर मृगबाग, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला लावलेली केळी. एकरी 1450 टिश्यूची रोपं. रोप, ठिबक, खतं, फवारणी, घड झाकणं, मजुरी धरून एकरी खर्च 1 लाख 60 हजारांच्या घरात. माझा माल कटला तेव्हा क्विंटलला भाव 1900 मिळाला. एकरी 280 क्विंटल धरा, म्हणजे एकराला 5 लाख 30 हजार. तीन एकरांचे खर्च वजा जाता 11 लाख. गावात मी मोठा माणूस झालो.

चुलतभावाची कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी, बांधाला बांध लागून. तोच पाणी-पंप, तेच खत, उलट त्याचा घड माझ्यापेक्षा देखणा. पण माल निघेपर्यंत भाव 700 वर आला. फळ्यावर बोर्डभाव (जाहीर केलेला भाव) वेगळाच, व्यापारी म्हणाला माल नेतो एवढंच समाधान माना. एकरी 1 लाख 96 हजार आले, खर्च वजा जाता 36 हजार. तीन एकरांचे 1 लाख 8 हजार. चौदा महिन्यांचे!

आता सांगा, माझं मासिक उत्पन्न किती आणि त्याचं किती? ज्या वर्षी 11 लाख येतात त्या वर्षी आम्ही ट्रॅक्टरचं कर्ज फेडतो, बहिणीला देतो, पुढच्या बागेला लावतो. हातात राहतं ते 72 हजार पगारवाल्यापेक्षा जास्त नसतं. आणि झोप? जूनच्या पहिल्या आठवड्यात वारं सुटलं की रात्री दोनदा उठून बाहेर बघतो. निसवलेली (घड बाहेर पडलेली) बाग एका वादळात आडवी झालेली पाहिली आहे.

पद्मालय भाऊ, नियमित 72 हजार मिळत असतील तर डोळे झाकून या. आमच्याकडे त्याला श्रीमंती म्हणतात.

धुळानं_पोर

रावेरभाऊ, ह्या अकरा लाखवाला सालले आम्हले बी बट्टी खावाले बोलावा.

केळीवाला_रावेर

या की. वांगी घरची, शेंगदाणे घरचे, बट्टी बायको करते. तूप मात्र तुम्ही आणा, तेच परवडत नाही. :)

आकडेमोड्या

विषयावर थोडा अभ्यास झालेला आहे, म्हणून सांगतो. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी 2010 मध्ये अमेरिकेतल्या आकड्यांवरून मांडलं होतं की वर्षाला साधारण 75 हजार डॉलरच्या पुढे उत्पन्न वाढलं तरी रोजचा आनंद फारसा वाढत नाही. 2021 मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांच्या आकड्यांतून निघालं की वाढत राहतो. मग कानेमन आणि किलिंग्सवर्थ भांडत न बसता एकत्र आले आणि 2023 मध्ये संयुक्त निबंध लिहिला. बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढतो, पण जे मुळात सर्वांत दुःखी आहेत त्यांच्या बाबतीत एका टप्प्यानंतर पैसा काम करेनासा होतो.

धुळानं_पोर

कानेमन म्हणजे धुळ्याच्या गल्ली नंबर चारमधले का?

आकडेमोड्या

नोबेलवाले. 2024 मध्ये वारले.

धुळानं_पोर

अरारा. माफी.

माहेर_चोपडा

आता मी लिहिते, कारण इथे सगळे पुरुष भाडं, वीज आणि बोर्डभाव यातच अडकलेत.

आम्ही 2019 मध्ये ठाण्याहून जळगावला आलो. नवऱ्याने असाच तक्ता केला होता, 48 हजारांत बसत होतं. त्या तक्त्यात लग्नं नव्हती.

ठाण्यात वर्षाला चार लग्नं व्हायची, त्यातल्या दोनांना "सुट्टी नाही" म्हणून सांगता यायचं. इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात 31 पत्रिका आल्या. मोजल्या, कारण फ्रिजवर लावायला जागा उरली नाही. चुलतसासऱ्यांच्या साडूच्या पुतणीचंही लग्न असतं, आणि तुम्ही आता गावातच आहात म्हटल्यावर न जाणं म्हणजे मान मोडणं. जवळच्यांना साडी, बाकीच्यांना पाकीट. शिवाय साखरपुडा, हळद, मांडव, मागून पूजा. गाडीचं पेट्रोल वेगळं. त्या वर्षी लग्नात 46 हजार गेले.

बदल्यात काय मिळालं? टॉवेल-टोप्या. आमच्या कपाटाचा खालचा खण उघडला तर साठेक टॉवेल निघतील. एकानेही अंग पुसता येत नाही, पाणी टिपतच नाहीत. ते पुढच्या लग्नात द्यायलाच विणलेले असतात. सासूबाई त्यांची चळत वर्षातून एकदा उन्हात घालतात आणि परत रचून ठेवतात.

पद्मालय, तुमच्या तक्त्यात 'नातेवाईक' असा रकाना आहे का? नसेल तर दरमहा किमान 4 हजार त्यात टाका. आणि तुमच्या बायकोला विचारलंय का? धाग्यात तिचं मत कुठे दिसलं नाही.

पद्मालय_एक्सप्रेस

रकाना नव्हता. :( बायको हे वाचून मोठ्याने हसली. तिचं माहेर शहादा, तिला हे सगळं माहीत होतं. मला का सांगितलं नाहीस म्हटलं, तर "तू विचारलंच कुठे?"

वनिता_नंदुरबार

बराच वेळ नुसतं वाचत होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, धडगावच्या बाजूला. माझ्या वर्गात पटावर 34 मुलं आहेत. दिवाळीनंतर त्यातली दहा-बारा दिसेनाशी होतात. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि सोबत लेकरंही. होळीला काही परत येतात, काही पावसाच्या तोंडावर.

एका मुलाच्या आईला सहज विचारलं होतं, किती मिळाले म्हणजे जाणार नाहीस? तिने विचार करून सांगितलं, "इथंच महिन्याला आठ हजार मिळाले तर." लाडक्या बहिणीचे 1500 येतात, ते ती पोस्टातून काढून थेट दुकानदाराला देते, आधीच्या उधारीपोटी.

तुम्ही प्रश्न विचारू नये असं माझं म्हणणं नाही. प्रत्येकाला आपापल्या पायरीवरून दिसतं. पण 72 हजारांत भागेल का हे वाचताना घशाशी काहीतरी आलं, म्हणून लिहिलं.

पद्मालय_एक्सप्रेस

ताई, पटलं. प्रश्नाचं शीर्षक बदलावंसं वाटतंय, पण आता लोकांनी उत्तरं दिलीत.

हिशेबी_मास्तर

शीर्षक राहू द्या. 72 हजारवाल्याने हिशेब मांडला नाही म्हणून त्या बाईला आठ हजार मिळणार नाहीत. ते दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसरा जास्त महत्त्वाचा आहे. त्याचा वेगळा धागा वनिताताईंनीच काढावा.

अमळनेरी_खवय्या

सगळे गंभीर झालात म्हणून आमच्या घरची गोष्ट. 1945 मध्ये अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. तोच पुढे विप्रो. गावातल्या बऱ्याच घरांनी तेव्हा शेअर घेतले होते, आणि ज्यांनी ते पेटीच्या तळाशी विसरून ठेवले त्यांची नातवंडं आज काय करतात ते गावाला ठाऊक आहे.

आमच्या आजोबांकडे पण होते. त्यांनी 1984 मध्ये विकले आणि विहिरीवर मोटर बसवली. तिसऱ्या वर्षी विहीर आटली. मोटर अजून आमच्या खळ्यात आहे. वडील दर दिवाळीला तिची पूजा करतात. म्हणतात, "ही आपली कोट्यवधींची मोटर."

तर निवांत जगायला किती लागतात? आमच्या घरी उत्तर एकच, शेअर न विकण्याइतके.

भरीतप्रेमी

=)) =)) धागा वसूल.

बाकी अमळनेरी भाऊ, नावातच खवय्या आहे तर सांगा, शेवभाजी हल्ली कुठे बरी मिळते? जळगावात तर्रीच्या नावाखाली लाल तेल देतात. काळा मसाला जाणवतच नाही.

अमळनेरी_खवय्या

शेवभाजी हॉटेलात खायची वस्तू नाही. हायवेच्या ढाब्यावर, ट्रकवाल्यांच्या शेजारी बसून. आणि शेव आयत्या वेळी टाकलेली पाहिजे. आधी टाकून ठेवली की लापशी होते.

मेहरूणची_बोरं

शेव जाड की मध्यम? यावर इथे 2021 मध्ये 140 प्रतिसादांचा धागा झाला होता आणि दोन आयडी गेले. कृपया सुरू करू नका.

निवृत्त_गार्ड_भुसावळ

जाड. तिखट. विषय संपला.

नाशिकला_अडकलेला

मूळ प्रश्नाकडे येतो. दोन आकडे कुणी दिले नाहीत, आणि तेच सर्वांत मोठे आहेत.

पहिला, दवाखाना. माझ्या वडिलांना जळगावात अर्धांगाचा झटका आला. पहिले उपचार तिथेच झाले, पण पुढे नाशिकला हलवलं. अडीचशे किलोमीटर, रात्री अँब्युलन्स, मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून दर दहा मिनिटांनी मागच्या काचेतून बघत होतो. सगळे मिळून 6 लाख 20 हजार झाले. विमा 3 लाखांचा होता. जळगावात आता बऱ्याच सोयी झाल्यात, पण तुमच्या आईचं वय बघता दरमहाच्या खर्चापेक्षा ही तयारी आधी करा. 70 वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला 5 लाखांचं आयुष्मान कवच मिळतं, ऑक्टोबर 2024 पासून. आधार घेऊन कार्ड काढा. कोणतं रुग्णालय त्यात आहे ते आधीच विचारून ठेवा, ऐन वेळी नाही.

दुसरा, मुलीची अकरावी. तीन वर्षांनी तुम्ही लातूर की कोटा, की जळगावातच, या चक्रात सापडणार. भाच्याचे लातूरला दोन वर्षांत फी, खोली, मेस धरून 4 लाख गेले. 72 हजारांतून ते निघणार नाहीत. ते पुण्याच्या बचतीतूनच काढावे लागतील. बचत किती आहे ते विचारत नाही, पण त्यावर सगळं आहे.

हिशेबी_मास्तर

बचतीवरून आठवलं. वडील निवृत्त झाल्यावर त्यांचे 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले. तीच तिची कमाल मर्यादा. 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500 येतात, म्हणजे महिन्याला 20,500. वडील खूश. पण पाच वर्षं तेवढेच येणार आणि गहू तेवढ्यालाच राहणार नाहीत, हे त्यांना पटत नाही.

पद्मालय_एक्सप्रेस

सर्वांचे आभार. ठरलं असं की आधी एक महिना राहून बघायचं. तोही मे. मामांचा गणपतीनगरचा फ्लॅट रिकामा आहे. शाळांना सुट्टी आहेच. जूनमध्ये कळवतो.

मेहरूणची_बोरं

मे?! माणूस शूर आहे.

पद्मालय_एक्सप्रेस · 9 जून

आलो. जिवंत आहोत.

हिशेब गार्डकाकांसारखा वहीत लिहिला. भाडं मामांनी घेतलं नाही, पण बाजारभावाने 11 हजार धरले. किराणा, दूध, भाजी 17,200. वीज 6,140 (बोरं, तुमचा विक्रम मोडला). शाळेची फी कागदावरच, दोघांची मिळून महिन्याला 9,500. आईची औषधं 3,800. विमा 4,500. पेट्रोल 2,600. फोन-इंटरनेट 1,700. बाहेरचं खाणं 3,150, त्यात अमळनेरींनी सांगितलेल्या पद्धतीने ढाब्यावरची शेवभाजी दोनदा. आणि लग्नं अकरा, 8,750 रुपये. टॉवेल सात, टोप्या नऊ. दोन टोप्या कुठे जास्त आल्या ते कळलं नाही.

एकूण 68,340. म्हणजे 72 मध्ये बसलं, साडेतीन हजार उरले. पण दुसऱ्याच आठवड्यात मामांचा जुना कूलर बसला. नवा 9,800 चा आणला आणि उरलेले गेलेच, वर सहा हजार खिशातून. महिनाअखेरीला पोटात गोळा आला का? आला. पुण्यातही यायचा, पण तिथे तो घरमालकाचा होता, इथे सूर्याचा.

आई पहिले आठ दिवस रुसून होती. नवव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या दोन बायकांना घेऊन तिने गच्चीवर बिबडे घातले. आता म्हणते, एरंडोलला दिवाळीत जाऊ.

आईचं आयुष्मान कार्ड काढलं. मुलीच्या अकरावीसाठी एक ठेव वेगळी केली, तिला हात लावायचा नाही असं बायकोने लिहून घेतलंय. शाळेचे प्रवेश झालेत. पुण्याचं सामान 20 तारखेला येतंय.

केळीवाला_रावेर

या भाऊ. बाग या वेळी वाऱ्यातून वाचली. भाव मात्र विचारू नका.

माहेर_चोपडा

अकरा लग्नं म्हणजे काहीच नाही. पुढच्या वर्षी कळेल, आता सगळ्यांना पत्ता माहीत झालाय.

निवृत्त_गार्ड_भुसावळ

गहू भरले का?

पद्मालय_एक्सप्रेस

5 क्विंटल घेतले काका, एरंडोलच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून. पोती हॉलमध्ये आहेत. कोठी अजून यायची आहे.

निवृत्त_गार्ड_भुसावळ

पाऊस आठ दिवसांवर आहे. पोती फरशीला टेकवून ठेवू नका, खाली लाकडी पाट टाका. भिंतीपासून वीतभर लांब. आणि एरंडेल लावायच्या आधी एक ऊन दाखवाच, गुरुवारी ढग नाहीत.